दर्या आणि दऱ्या

(आकाशवाणीवर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

डहाणूला आमच्या घराच्या ओट्यावर उभं राहिलं, की दर्याचा वारा अंगावर येतो. तिथूनच तलासरीची एस.टी. पकडावी, महामार्ग ओलांडून उधव्याच्या दिशेनं जावं, की हवा बदलते. खारा वास मागे पडतो, सागाची पानं दिसू लागतात, डोंगर आणि दऱ्या सुरू होतात. माझं सगळं आयुष्य या दोन टोकांच्या मध्ये गेलं. एकीकडे दर्या, दुसरीकडे दऱ्या. बोलताना दोन्हींत फरक एवढाच, की एकात जीभ र वर दाब देते, दुसऱ्यात नुसती सरकून जाते. लिहिताना फरक त्याहून नाजूक. एका शब्दात डोक्यावर रफार, दुसऱ्यात पोटाशी आडवा, पापणीच्या केसासारखा र. एक शब्द फारसीतून आलेला, दुसरा आपल्या दरीचं अनेकवचन.

माझ्या एका कवितासंग्रहात हे दोन शब्द शेजारी शेजारी येतात. नव्वदच्या दशकात निघालेली पहिली आवृत्ती ठीक होती. काही वर्षांपूर्वी दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं. जुनी फाइल जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधली होती, ती एका प्रोग्रॅममधून काढून युनिकोडमध्ये आणली. मुद्रितं मीच तपासली. पण कवीला स्वतःची कविता पाठ असते. तो कागदावरचं वाचत नाही, मनातलं वाचतो. पुस्तक छापून आलं आणि तलासरीच्या एका शिक्षकमित्राचा फोन आला. “सर, आमच्या तलासरीत समुद्र कधी आला?” मी पुस्तक उघडलं. जिथे जिथे दऱ्या होत्या, तिथे तिथे दर्या झाला होता. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’, ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’. डोंगरातली माणसं माझ्या पुस्तकात समुद्रात बुडाली होती.

माझा भाचा पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात आहे. ईदला आला तेव्हा त्याच्यापुढे पुस्तक टाकलं. पाच मिनिटं पाहून तो म्हणाला, “मामू, रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमच्या तक्त्यात एक ओळ राहिली आहे. त्याला पापणीचा र माहीतच नाही. त्याने त्याचा रफार केला.”

“मग ती ओळ घाल की.”

“घालता येत नाही. प्रोग्रॅम बंद आहे. आपल्याकडे दागिना आहे, साचा नाही.”

डहाणू तालुक्यात राहणाऱ्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. चिंचणी-वाणगावच्या भागात दागिन्यांचे साचे बनवणारे पुष्कळ कारागीर आहेत. आम्ही त्यांना डाय म्हणतो. दागिना बाजारात कुणालाही मिळतो. साचा ज्याच्याकडे, त्याच्याच हातात नक्षी बदलण्याची ताकद. संगणकाच्या प्रोग्रॅमचंही तसंच आहे. माणसानं लिहिलेला मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो साचा. त्यातून यंत्राला कळेल असं जे तयार होतं तो दागिना. बहुतेक कंपन्या दागिना विकतात आणि साचा कपाटात ठेवतात. ज्या सॉफ्टवेअरचा साचाही सर्वांना खुला असतो, त्याला ओपन सोर्स किंवा मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात.

त्या हरवलेल्या एका ओळीच्या मागे लागून मला जो इतिहास कळला, तो आज सांगायचा आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. मला जे समजलं, ते कुणालाही समजेल.

आधी एक साधी गोष्ट. ‘दऱ्या’तलं ‘ऱ्या’ हे अक्षर पडद्यावर येतं कसं? कळफलकावरून संगणकाला पोहोचतात ते चार आकडे. खालचा टिंब असलेला ऱ, हलन्त, य आणि काना. युनिकोडनं प्रत्येक चिन्हाला एक आकडा दिला आहे. या चार आकड्यांचं मिळून एक जोडाक्षर करायचं आहे हे ओळखणारा प्रोग्रॅम वेगळा. त्या जोडाक्षराचा आकार फॉन्टमध्ये साठवलेला, तो फॉन्ट वेगळ्यानं काढलेला. आकार ठिपक्यांमध्ये उतरवणारा तिसरा. शब्द ओळीत बसवणारा, ओळ कुठे मोडायची ते ठरवणारा चौथा. ज्या खिडकीत हे सगळं दिसतं ती उभी करणारा पाचवा. ही पाच कामं करणारी माणसं वेगवेगळ्या देशांत बसलेली. त्यांपैकी अनेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नाही.

मुक्त सॉफ्टवेअरच्या दुनियेत या तुकड्यांची नावंही गमतीची आहेत. ओळ जुळवणाऱ्या तुकड्याचं नाव पँगो. त्यात ‘पॅन’ हा ग्रीक शब्द, म्हणजे सर्व. आणि ‘गो’ हा जपानी, म्हणजे भाषा. जोडाक्षर घडवणाऱ्या तुकड्याचं नाव हार्फबझ. हे ऐकून मी भाच्याला थांबवलंच. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर, हे आमच्या घरातल्या उर्दूतही आहे. ‘बाज’ म्हणजे फारसीत खुलं, उघडं. हर्फबाज म्हणजे खुलं अक्षर. हा तुकडा आजच्या रूपात घडवणारे बेहदाद एस्फाहबोद हे मूळचे इराणचे. आमच्या डहाणू-घोलवडला इराणी काही नवे नाहीत, इथल्या चिकूच्या बागा त्यांच्या हातच्या. पण मराठी पापणीचा र पडद्यावर नीट उमटावा यात एका इराणी माणसाचा हात असेल, हे मला ठाऊक नव्हतं.

आता प्रश्न असा, की हे सुटे तुकडे जोडतं कोण?

त्याची गोष्ट १९७६ पासून सांगावी लागते. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये स्टुअर्ट फेल्डमन नावाचे संशोधक काम करत होते. एके दिवशी त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन वैतागून त्यांच्या खोलीत आले. त्यांची अख्खी सकाळ वाया गेली होती. प्रोग्रॅममधली चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती. पण दुरुस्त केलेला तुकडा पुन्हा घडवून घ्यायचा राहून गेला होता. जुनाच तुकडा जोडला जात होता आणि हे नसलेली चूक शोधत बसले होते. तेव्हा हे सगळं हातानं चाले. कोणता तुकडा बदलला, त्यावर कोण अवलंबून, आधी काय घडवायचं आणि मग काय, हे माणसानं डोक्यात ठेवायचं. फेल्डमन यांनी यावर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव ‘मेक’. एका कागदावर तुम्ही लिहून ठेवायचं, की अमुक वस्तू तमुक वस्तूंपासून होते आणि ती करायची कृती ही. मग ‘मेक’ प्रत्येक फाइलची वेळ पाहतो. जे बदललं तेवढंच आणि योग्य क्रमानं पुन्हा घडवतो. पन्नास वर्षं होत आली, ‘मेक’ अजून वापरात आहे.

त्याची एक गंमतही प्रसिद्ध आहे. ‘मेक’च्या कागदावर कृतीची ओळ टॅबनंच सुरू करावी लागते. नुसती मोकळी जागा सोडलेली चालत नाही. ही अडचण फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आली. पण तोवर दहा-बारा जण तो वापरू लागले होते, त्यांना त्रास नको म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. त्या दहा-बारा जणांच्या सोयीचा त्रास नंतरच्या लाखो लोकांनी सोसला.

पुढचा टप्पा १९८३ चा. रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला. कुणालाही वापरता, पाहता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण संगणक-व्यवस्था उभी करायची, हा त्यांचा संकल्प. त्यासाठी त्यांनी परवाना लिहिला, जनरल पब्लिक लायसन्स. १९९१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. तिच्या तिसऱ्या कलमात एक बारीक पण फार मोलाची गोष्ट आहे. सोर्स कोड द्यायचा म्हणजे नुसता मजकूर देऊन भागणार नाही; तो मजकूर घडवायला आणि बसवायला ज्या सूचना लागतात त्याही द्याव्या लागतील, असं ते कलम सांगतं. मला हे वाचून आमच्या मोहल्ल्यातली एक गृहिणी आठवली. तिच्या बिर्याणीची कृती कुणी विचारली तर ती जिन्नस सगळे सांगे. काय आधी आणि काय नंतर, ते मात्र गाळे. जिन्नस देऊन क्रम लपवला, तर दिलं काय? परवान्याच्या त्या कलमानं क्रमही सांगायला लावला.

त्याच १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. गाभा एकाचा, अवजारं दुसऱ्याची, खिडक्या तिसऱ्याच्या. सामान्य माणसानं हे जोडायचं कसं? म्हणून ‘वितरण’ ही कल्पना आली. १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी डेबियन सुरू केलं. प्रत्येक तुकड्याची एक पुडी करायची, ज्याला पॅकेज म्हणतात. पुडीवर लिहायचं, की मला चालायला अमुक अमुक पुड्या लागतात. २०२३ मध्ये आलेल्या डेबियनच्या बाराव्या आवृत्तीत चौसष्ट हजारांहून अधिक पॅकेजेस होती. एवढ्या पुड्या हातानं बांधणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून त्या बांधणारी यंत्रंच बसवली गेली. माणूस मूळ मजकूर आणि कृती पाठवतो. यंत्र ती घेतं, वेगवेगळ्या जातींच्या संगणकांसाठी वेगवेगळी पुडी बांधतं. काही बिघडलं तर कुठे बिघडलं ते लिहून ठेवतं. या बांधणीला संगणकवाले ‘बिल्ड’ म्हणतात.

आमच्याकडे चिकूची रोपं खिरणीच्या खुंटावर बांधतात. चिकू आणि खिरणी ही दोन वेगळी झाडं. खिरणीचं मूळ चिवट, चिकूचं फळ गोड. त्यांची भेट घडवायची, दोऱ्यानं बांधायचं, जीव धरला की वेगळं करायचं. त्याला भेटकलम म्हणतात. २००७ मध्ये सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेनं ‘बॉस’ ही भारतीय भाषांसाठीची संगणक-व्यवस्था काढली, ती अशीच डेबियनच्या खुंटावर बांधलेली. मुळापासून झाड वाढवत बसावं लागलं नाही. माझे वडील लेखणीला कलम म्हणत, माळी या जोडणीला कलम म्हणतो आणि परवान्यातही कलमंच असतात. मुक्त सॉफ्टवेअर या तिन्ही कलमांवर उभं आहे.

पण तुकडे करण्याचीही किंमत असते. याचं उत्तम उदाहरण ‘एक्स विंडो’चं. युनिक्स आणि लिनक्सवर पडद्यावरची खिडकी काढणारी ही व्यवस्था १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मली. वीस वर्षांत तिचा एक अवाढव्य डोलारा झाला. एका कोपऱ्यातला खिळा बदलायचा तर सगळा डोलारा पुन्हा उभारायचा. २१ डिसेंबर २००५ या एकाच दिवशी तिच्या दोन आवृत्त्या निघाल्या. एक ६.९, दुसरी ७.०. दोन्हींच्या आतला मजकूर एकच. फरक बांधणीचा. ६.९ हा जुन्या पद्धतीचा एकसंध डोलारा, ७.० मध्ये तोच डोलारा लहान लहान स्वतंत्र तुकड्यांत सोडवलेला. त्यानंतर एकसंध पद्धत बंद झाली.

तुकडे झाले आणि स्वातंत्र्य मिळालं. ज्याचा त्याचा तुकडा ज्यानं त्यानं सुधारावा, दुसऱ्यासाठी थांबू नये. पण आता नवी डोकेदुखी. कोणता तुकडा आधी? क्रम चुकला की सगळं अडतं. त्यावर उपाय म्हणून तुकड्यांची यादी आणि त्यांची एकमेकांवरची भिस्त लिहून ठेवणारे प्रोग्रॅम आले. ग्नोम नावाच्या प्रकल्पासाठी लिहिलेला ‘जेएचबिल्ड’ हा त्यांतलाच. तो यादी वाचतो, एकेक तुकडा त्याच्या त्याच्या घरून आणतो, क्रमानं घडवतो आणि पुढच्याच्या हाती देतो. माणूस झोपायला जाऊ शकतो.

या क्रमातही एक पेच आहे आणि तो आपल्या अक्षरांशीच जोडलेला आहे. आकार ठिपक्यांत उतरवणाऱ्या तुकड्याचं नाव फ्रीटाइप. हार्फबझला फ्रीटाइप लागतो. पण फ्रीटाइपला आपलं काम पूर्ण सफाईनं करायचं तर हार्फबझ लागतो. आधी कोंबडी की आधी अंडं? बांधणारे काय करतात, तर आधी फ्रीटाइप हार्फबझशिवायच बांधतात, थोडा अपुरा. त्याच्या आधारे हार्फबझ बांधतात. मग मागे येऊन फ्रीटाइप पुन्हा, आता पूर्ण. कवितेचंही असंच असतं. पहिल्या ओळीशिवाय शेवटची सुचत नाही आणि शेवटची सुचल्यावर पहिली पुन्हा लिहावी लागते.

या बांधणीची आणखी एक शिस्त मला फार आवडली. २००७ च्या मे महिन्यात आलेल्या फेडोराच्या सातव्या आवृत्तीपासून तिथली सगळी पॅकेजेस ‘कोजी’ नावाच्या व्यवस्थेत, सर्वांच्या देखत बांधली जाऊ लागली. तोवर काही पॅकेजेस कंपनीची माणसं बांधत आणि काही बाहेरचे स्वयंसेवक. ती भिंत पडली. कोजी प्रत्येक पुडीसाठी एक कोरी खोली उघडतो. तिथे फक्त तुम्ही यादीत लिहिलेले जिन्नस असतात. घरी स्वयंपाक करताना यादीत मीठ लिहायचं राहिलं तरी चालतं, कारण ते फडताळात असतंच. कोऱ्या खोलीत फडताळ नाही. जे लिहायचं विसरलात, ते लगेच उघडं पडतं.

यात मराठी कुठे आली? ती आली मुंबई आणि पुण्यातून. र. कृ. जोशी यांचं नाव सुलेखनाच्या चाहत्यांना ठाऊक आहे. १९३६ ते २००८ हा त्यांचा काळ. ते मराठीतले कवीही होते, हे मी मुद्दाम सांगतो. विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांनी रेखला आणि मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेत ‘रघु’ हा मुक्त फॉन्टही. दोन हजारच्या आसपास मुंबईत ‘इंडलिनक्स’ हा गट उभा राहिला. व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी हे त्याचे प्रवर्तक. भारतीय भाषांत लिनक्स आणायचं हे त्यांचं काम. मग २००४ च्या सुमारास रेड हॅट कंपनीनं ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले. ते मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवलेले. लोहित म्हणजे संस्कृतात लाल. त्यांची देखभाल पुण्यातच होत राहिली आणि पुढे मराठी, हिंदी, कोंकणी, नेपाळी यांच्या वेगवेगळ्या फॉन्टांचा मिळून एक ‘लोहित देवनागरी’ झाला.

पडद्यावरच्या मराठी सूचनांचंही असंच. प्रोग्रॅममधली इंग्रजी वाक्यं एका स्वतंत्र फाइलमध्ये काढून ठेवतात, त्यांच्यापुढे मराठी वाक्यं लिहितात. अनुवाद हा आणखी एक सुटा तुकडा. अनुवादकाला प्रोग्रॅम लिहिता यायला नको, फक्त मराठी नीट यायला हवं. त्यानं फाइल पाठवली की पुढच्या बांधणीत यंत्र ती आपोआप उचलतं. तुकडे सुटे नसते, तर एका मराठी माणसाला एक वाक्य सुधारायला दूर देशातल्या अभियंत्याची विनवणी करावी लागली असती.

इथवर सगळं गोड वाटतं. पण खुंटावर कलम बांधताना बांधणाऱ्याचा हात स्वच्छ हवा, हे कुठलाही माळी सांगेल. केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या आणि १९८४ मध्ये छापून आलेल्या भाषणात हाच इशारा दिला होता. मजकूर निर्मळ असला तरी तो घडवणाऱ्या यंत्रातच खोट असेल, तर दागिना खोटा निघेल आणि साचा पाहून ते कळणारही नाही.

चाळीस वर्षांनी, २९ मार्च २०२४ रोजी, त्या इशाऱ्याचा एक भीषण पडताळा आला. फायली दाबून लहान करणारं ‘एक्सझेड’ नावाचं एक साधं मुक्त सॉफ्टवेअर आहे. जगभरच्या लिनक्स संगणकांत ते कुठे ना कुठे असतंच. ते एक माणूस, लासे कॉलिन, वर्षानुवर्षं फावल्या वेळात सांभाळत होता. तो थकला होता. दोन-अडीच वर्षं एक अनोळखी ‘मदतनीस’ गोड बोलून त्याचा विश्वास संपादन करत राहिला आणि शेवटी किल्ल्या त्याच्या हाती आल्या. त्यानं विष कुठे घातलं, ते पाहा. सगळे वाचतात त्या मूळ मजकुरात नाही. चाचणीसाठी ठेवलेल्या निरुपद्रवी दिसणाऱ्या फायलींत त्यानं ते दडवलं. ते उघडून आत मिसळणारी सूचना ठेवली बांधणीच्या कागदावर; आणि तीही फक्त वाटायच्या गठ्ठ्यात, सर्वांसमोरच्या फडताळात नाही. म्हणजे जिन्नस स्वच्छ, पण कृतीतच विष. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकात शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न पडला. तो मागोवा घेत गेला आणि हे बाहेर आलं. तोवर ते फेडोरा आणि डेबियनच्या चाचणी-आवृत्त्यांपर्यंत पोहोचलं होतं. अर्ध्या सेकंदाची चौकशी करणारा माणूस नसता, तर काय झालं असतं याची कल्पनाच केलेली बरी.

यावर उपाय शोधणारी चळवळ आधीपासून सुरू होती. २०१३ पासून डेबियनमधल्या काहींनी एक हट्ट धरला. तोच मजकूर, तीच कृती, दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या ठिकाणी बांधली, तर निघणारी पुडी शेवटच्या अक्षरापर्यंत सारखी निघाली पाहिजे. ऐकायला सोपं, पण बांधणी करताना यंत्र कुठेतरी तारीख टाकतं, कुठे फोल्डरचं नाव, कुठे फायलींचा क्रम बदलतो. एकेक फरक शोधून ते काढत गेले. आता पुडी सारखी निघाली नाही तर संशय घेता येतो. अर्थात विष मालासोबतच आत आलं, तर दोन्ही पुड्या सारख्याच विषारी निघतील. म्हणून माल बंद गठ्ठ्यातून न घेता सर्वांसमोरच्या फडताळातून घ्यावा, हा आग्रहही त्या प्रकरणानंतर वाढला. यंत्रानं बांधावं, पण माणसाला पडताळता यावं. या विषयाचं सार मला एवढंच वाटतं.

आणि एक गोष्ट तलासरीच्या माणसासमोर सांगताना टाळता येत नाही. तो थकलेला कॉलिन फुकट राबत होता आणि त्याच्या कामावर जगातल्या बड्या कंपन्यांचा कारभार चालत होता. १९४५ च्या मे महिन्यात याच तालुक्यातल्या झरी गावात वारली जमले आणि गोदावरी व शामराव परुळेकरांच्या साथीनं त्यांनी वेठीला नकार दिला. ती वेठ मारून-मुटकून घेतलेली होती. हे काम माणूस आपखुशीनं करतो, दोन्हींची बरोबरी कुणी करू नये. पण आपखुशीच्या श्रमालाही थकवा येतो, आणि त्या थकव्याच्या फटीतूनच चोर शिरला. फळं सगळ्यांनी खायची आणि पाणी एकानं घालायचं, ही बाग फार दिवस टिकत नाही.

आता माझ्या हरवलेल्या ओळीकडे येतो. भाच्यानं सुट्टीत आमच्या ओट्यावर बसून एक मुक्त रूपांतरक घेतला. त्याच्या तक्त्यात आमच्या जुन्या फॉन्टसाठी पापणीच्या र ची ओळ घातली. मग म्हणाला, “मामू, दोन शब्द सांगा. चाचणीत टाकतो. यापुढे कुणीही काहीही बदललं, की बांधणीच्या वेळी यंत्र आधी हे दोन शब्द तपासेल. दोन्ही सारखे निघाले, तर बांधणी तिथेच थांबेल.”

कुठले दोन शब्द, ते सांगायला नकोच.

त्याने कळ दाबली. पडद्यावर ओळी सरकत राहिल्या. आतून माझी बहीण चहाला हाका मारत होती, दोघेही उठलो नाही. शेवटी एक ओळ आली, चाचणी उत्तीर्ण. खाली दोन शब्द उभे होते, एकाच्या डोक्यावर रफार, दुसऱ्याच्या पोटाशी पापणी. मी तलासरीच्या मित्राला फोन लावला. म्हटलं, “गुरुजी, समुद्र ओसरला. तुमच्या दऱ्या जागेवर आहेत.”

कवितेला पुरस्कार मिळतात, विसरलेही जातात. माझ्या कवितेतले दोन शब्द आता एका यंत्राच्या कामाला लागले आहेत. कुणी काही बदललं, की ते यंत्र आधी खात्री करून घेतं, की दर्या दर्याच्या जागी आहे आणि दऱ्या दऱ्यांच्या. आणि त्या यंत्रानं काय केलं, हे पाहायला कुणालाही मज्जाव नाही.